लासाचे वाण की लासाच्या शाखा?

प्रश्न असा आहे: "आफ्रिकेतल्या जंगली उंदरांमध्ये सापडणाऱ्या विषाणूंच्या जनुकीय विविधतेवर मराठीत लेख लिहितोय. लासा विषाणूच्या 'लिनिएज'ना मी 'वाण' म्हटलंय. तपासणारे म्हणतात, 'उपप्रकार' करा. काय ठेवू?"

माझ्या मते दोन्ही काढा आणि 'शाखा' लिहा. (लासा म्हणजे पश्चिम आफ्रिकेत उंदरांमार्फत माणसाला ताप आणणारा विषाणू.)

'वाण' हा शब्द गोड आहे, मोह पडतो हे कबूल. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीतला वाण म्हणजे रंग. 'वर्ण' घासून घासून झालेला. (संक्रांतीला लुटतात ते वाण वेगळं.) पण आज शेतकऱ्यासमोर वाण म्हणालात, तर त्याच्या डोळ्यांपुढे बियाणंच येणार. ज्वारीत मालदांडी, भातात इंद्रायणी. कुणीतरी पारखून निवडलेलं, नाव दिलेलं, पुढच्या पेरणीलाही तसंच उतरेल असा भरवसा असलेलं. लासाच्या बाबतीत या वर्णनाला जवळचं काही असेल तर ते प्रयोगशाळेत: सिएरा लिओनमध्ये १९७६ साली वेगळा काढलेला 'जोसाया', जो संशोधक आजही नमुना म्हणून वापरतात. त्याला खुशाल वाण म्हणा. इंग्रजीतही तिथे 'स्ट्रेन' हा निराळा शब्द आहे.

लिनिएज म्हणजे कूळ. एखादा कुळवृत्तान्त चाळला असेल तर तिथे मूळ पुरुष असतो, मग कोणी घाटावर गेला, कोणी बडोद्याला, आणि 'बडोदे शाखा' सुरू होते. ती कुणी निवडत नाही. माणसं पांगतात आणि शाखा फुटतात. लासाचं हुबेहूब असंच झालंय. नाव पडलं ते नायजेरियातल्या बोर्नो राज्यातल्या लासा गावावरून, १९६९ साली. पहिल्या तीन शाखा नायजेरियातल्याच. चौथी सिएरा लिओन, गिनी आणि लायबेरियात, पाचवी माली आणि आयव्हरी कोस्टकडे. पुढे आणखी दोन सुचवल्या गेल्या, त्यांतली एक टोगोतली. जनुकक्रम ताडून पाहणाऱ्यांचा अंदाज असा की मूळ घर नायजेरियात, आणि पश्चिमेकडचं बिऱ्हाड त्या मानानं अलीकडचं.

'उपप्रकार'नं हे सगळं पुसलं जातं. तो कप्प्यांचा शब्द आहे. इन्फ्लुएन्झाच्या 'एच१एन१'ला शोभतो. कोण कोणापासून फुटलं, हे त्यातून कळत नाही.

आणि या शाखा म्हणजे नुसती नावापुरती भाऊबंदकी नव्हे. लासाचा जनुकसंच दोन तुकड्यांत असतो: लांब तुकडा सात हजारांहून थोड्या जास्त अक्षरांचा (अक्षर म्हणजे जनुकसंचातला एकेक रासायनिक दुवा), आखूड तुकडा सुमारे ३,४०० अक्षरांचा. दूरच्या दोन शाखा शेजारी ठेवल्या तर लांब तुकड्यात ३२ टक्क्यांपर्यंत आणि आखूड तुकड्यात २५ टक्क्यांपर्यंत अक्षरं वेगळी निघतात. एका शाखेची अक्षरं पाहून बेतलेली पीसीआर चाचणी दुसऱ्या शाखेचा रुग्ण सोडून देऊ शकते, ती यामुळेच. तुमच्या लेखात 'विविधता' हा शब्द बराच येत असणार. एकदा तरी त्याच्याजवळ हे आकडे ठेवा, नाहीतर तो शोभेचा होतो.

शाखा आणि प्रजाती यांची मात्र गल्लत नको. मोपेया, मोरोगोरो, गैरो, लुना हे विषाणू लासाच्या शाखा नाहीत, वेगळे विषाणू आहेत. पहिला मोझांबिकचा, पुढचे दोन टांझानियाचे, शेवटचा झांबियाचा. नावं सगळी गावांवरून, म्हणजे आपल्या 'कर' आडनावांसारखी. लुनाकर तर लुसाका आणि नाम्वाला अशा दोन गावांची अक्षरं जोडून झाला. गंमत अशी की लासाचा मुख्य उंदीर आणि या चौघांचा उंदीर एकच, मास्टोमिस नाटालेन्सिस. टांझानियात त्या उंदराच्याच दोन शाखा एकमेकींना भिडतात, तिथे त्यांची आपसात पैदासही होते. तरी गैरो एका बाजूला आणि मोरोगोरो दुसऱ्या बाजूला राहतो. उंदराच्या शाखा आणि विषाणूच्या शाखा एकाच वाक्यात आल्या तरी शब्द अडत नाही, हा 'शाखा'चा आणखी एक फायदा. 'उंदरांचे उपप्रकार' लिहून बघा, कसं वाटतं ते.

न विचारलेलं एक सांगतो. 'जंगली उंदीर' खटकतं. इंग्रजी 'वाइल्ड'चा अर्थ इथे प्रयोगशाळेत न पाळलेला, एवढाच. मास्टोमिस शेतात असतो, धान्याच्या कणगीत असतो, रात्री घरात फिरतो; लासाचा ताप माणसाला होतो तो बराचसा त्याच्या मुतालेंड्यांनी खराब झालेल्या अन्नातून आणि भांड्याकुंड्यांतून. त्याला जंगली म्हटलं की वाचक दाट अरण्यात जाऊन पोचतो आणि उंदीर राहतो फडताळामागे. 'रानटी' तर नकोच, तो शब्द आपण माणसांसाठी राखून ठेवलाय. मास्टोमिसचं इंग्रजी नाव, 'मल्टिमॅमेट', त्याच्या पुष्कळ स्तनांवरून पडलंय, मादीला बारा जोड्यांपर्यंत असतात. तेव्हा 'बहुस्तनी उंदीर' चालेल. 'कृंतक' शास्त्रशुद्ध आहे, पण पहिल्यांदा येईल तिथे 'कुरतडणारे प्राणी' असं सांगून टाका.

तुमचं पहिलं वाक्य मी असं करीन: "पश्चिम आफ्रिकेत घराशेतांत वावरणाऱ्या बहुस्तनी उंदरात लासा विषाणू आढळतो, आणि प्रदेशागणिक त्याच्या शाखा वेगळ्या आहेत."