वाचकांचे प्रश्न : लाइनवरची नवी सुपरवायझर

प्रश्न : भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी ऑपरेटर होते. दिवाळीनंतर मला लाइन सुपरवायझर केलं. मशीन लावून देणारे सेटर काका माझ्या वडिलांच्या वयाचे; मला अजून ‘पोरी’ म्हणतात आणि तिसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकतात. मैत्रिणी डबा वेगळा खायला लागल्या. साहेब म्हणतात, ‘मीटिंगमध्ये बोलत नाहीस, लीडरशिप वाढव.’ चिंचवडला शनिवार-रविवारचा कोर्स आहे, फी अठरा हजार. लावू का?
– एक वाचक, दिघी

उत्तर : अठरा हजार तूर्त बँकेतच असू द्या.

मी औंधच्या आयटीआयमधून निघालो आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातच फोरमन म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे सांगतो ते शॉपवरचं. व्यासपीठावरचं नेतृत्व शिकवणारे पुण्यात पुष्कळ आहेत. लाइनवर माणसं ऐकतात ती नीट शिकवणाऱ्याचं, असं माझं पक्कं मत आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भरली, तेव्हा सुपरवायझरांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम निघाला. युद्धानंतर तो जपानला गेला, टोयोटानंही उचलला. त्याचे मुख्य भाग तीन : काम शिकवणं, माणसं सांभाळणं, कामाची पद्धत सुधारणं. शिकवायच्या पायऱ्या चार. समोरच्याला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग अधूनमधून जाऊन बघा.

तेव्हा ट्रेनीच्या हातात बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) देऊन नुसतं ‘नीट बघ’ म्हणू नका. मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कडीवर, शून्य लावून दाखवा. गेज भोकात घालून हलकेच डोलवा. काटा जिथून उलटा फिरतो, तिथलं माप खरं. का, तेही सांगा : गेज तिरकं राहिलं की माप मोठं येतं. मग गेज त्याला द्या आणि करता करता बोलायला लावा. बोलता आलं नाही तर त्याला कळलेलं नाही, मग मान कितीही हलवू दे.

सेटर काकांशी मशीनच्या ज्ञानात बरोबरी करायला जाऊ नका, हराल. उलट विचारा, ‘काका, इन्सर्ट गेला हे तुम्ही कशावरून ओळखता?’ (इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं टोक.) सांगतील ते लिहून त्यांच्या नावानं मशीनवर लावा. मात्र कुठला जॉब आधी घ्यायचा, ओटीला (ओव्हरटाइमला) कोण थांबायचं, हे तुम्हीच ठरवायचं. आणि ठरवल्यावर ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हणायचं नाही. एकदा म्हणालात की तुमची किंमत पोस्टमनएवढी. ‘पोरी’ म्हणतात तर म्हणू द्यात, त्यानं रिजेक्शन वाढत नाही.

मैत्रिणींचा डबा काही दिवस वेगळाच राहील. त्यावर रुसू नका, मनधरणीही नको. ओटीची पाळी फळ्यावर उघड लिहा. मैत्रिणीला रविवार सुटला आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोराला नाही, हे टी-ब्रेकपर्यंत अख्ख्या शॉपला कळतं. कुणी हातमोजे मागितले आणि स्टोअरमध्ये नसले, तर शिफ्ट सुटायच्या आत जाऊन ‘नाहीत, गुरुवारी येतील’ एवढं सांगा. सुपरवायझरवरचा विश्वास असल्याच गोष्टींत उडतो. कुणाचं चुकलं तर आधी बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत झापलेला माणूस पुढच्या वेळी खराब पीस लपवतो.

मीटिंगचं सोपं आहे. रिजेक्शन किती, कशामुळे, तुम्ही काय केलंत, आता कुणाकडून काय हवं : चार वाक्यं वहीत लिहून न्या आणि सुरुवातीला सरळ वाचून दाखवा. भीड चेपायची तर गल्लीतल्या गणपती मंडळात एखाद्या कार्यक्रमाची जबाबदारी घ्या. तिथे कुणाचा पगार कापता येत नाही, तरी माणसं वेळेवर उभी करावी लागतात (आणि ऐन वेळी माइक बंद पडतोच).

कोर्स वाईट नसतात, पण तो कंपनीच्या खर्चानं मागा. १९३४ पासूनचं आपलं मराठा चेंबर, म्हणजे पुण्यातली उद्योगांची संघटनाही, उद्योगांसाठी प्रशिक्षणवर्ग घेते. एचआरकडे चौकशी करा. जाल तेव्हा लाइन कोण बघणार, ते नाव साहेबांनी विचारायच्या आत तुमच्याकडे तयार हवं. मी असतो तर काकांचं नसतं दिलं. मैत्रिणींपैकी जी नव्या पोरांना सगळ्यात चांगलं शिकवते, तिचं दिलं असतं.