डॉक्टर नव्हे हो काकू, मोटरसायकलवाले!

मागच्या अंकात ओहायोतल्या बाईक म्युझियमबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी छापणं शक्य नाही म्हणून निवडक घेतलीयेत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : आमचा मुलगा ओहायोला आयटीत आहे. परवा फोनवर म्हणाला, आई मी एएमएचा मेंबर झालो. माझा भाचा तिकडे डॉक्टर आहे, त्याच्या तोंडून हे नाव ऐकलेलं, त्यामुळे मी भिशीत सगळ्यांना सांगून बसले की याला डॉक्टरांच्या संघटनेत मानाने घेतलं. आता कळतंय की हे मोटरसायकलवाले आहेत. गँगबिंग तर नाही ना हो?
— काळजीतली आई, नाशिक

उत्तर : काकू, पुढच्या भिशीला दुरुस्ती करून टाका. एएमए दोन आहेत. एक डॉक्टरांची अमेरिकन मेडिकल असोसिएशन, १८४७ पासूनची. दुसरी अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन, १९२४ ची, जिचं ऑफिस ओहायोतच पिकरिंग्टनला आहे आणि ते म्युझियमही तिचंच, हॉल ऑफ फेम म्हणतात त्याला. एकीत हाडं जोडणारे, दुसरीत अधूनमधून मोडून घेणारे, एवढाच काय तो संबंध.

गँग अजिबात नाही. उलट गँगवाले हिच्या नावाने बोटं मोडतात. झालं असं की १९४७ साली कॅलिफोर्नियात हॉलिस्टर नावाच्या छोट्या गावात चार जुलैच्या सुट्टीत एएमएच्या परवानगीने रेस आणि मेळावा होता, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले, दारू पिऊन रस्त्यातच रेसा लावल्या, पोलिसांची तारांबळ उडाली, आणि लाईफ मासिकात एकाचा बाटल्यांच्या ढिगाऱ्यात बाईकवर बसलेला फोटो छापून आला. झालं, बाईकवाले म्हणजे गुंड हे देशभर पक्कं झालं. त्यानंतर म्हणे एएमएने सांगितलं की नव्याण्णव टक्के बाईकवाले सज्जन आहेत, म्हणून मग उरलेल्यांनी जॅकेटवर 'एक टक्का' असा बिल्लाच लावायला घेतला. गंमत म्हणजे आम्ही असं बोलल्याची नोंदच आमच्याकडे नाही असं खुद्द एएमए म्हणते. पण बिल्ले अजून आहेत. तुमचा मुलगा नव्याण्णव टक्क्यांतला, निश्चिंत राहा.

प्रश्न : मी डेट्रॉईटजवळ राहतो. सेकंडहँड बाईक घेतली, मित्र म्हणतो मेंबर हो. मॅगझीन आणि एक कार्ड यासाठी दरवर्षी डॉलर का घालवू? बाईक बंद पडली तर ओढून नेणाऱ्या दहा कंपन्या आहेत.
— हिशोबी माणूस, मिशिगन

उत्तर : दादा, मॅगझीन आणि सवलतींचा हिशोब लावाल तर तुमचंच बरोबर निघेल. खरं काम दुसरीकडे चालतं, तिथे कार्डावरची नावं मोजली जातात.

एकच किस्सा सांगतो. २००७ च्या आसपास तिकडे खेळण्यांच्या रंगात शिसं सापडलं, बोंबाबोंब झाली, आणि २००८ ला कायदा आला की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या कुठल्याही वस्तूत ठराविक मर्यादेपेक्षा जास्त शिसं नको. हेतू चांगलाच होता. पण मातीत चालवायच्या लहान मुलांच्या डर्ट बाईकसुद्धा मुलांसाठी बनवलेली वस्तूच की! आणि बॅटरीच्या टोकांना, काही वॉल्व्हना, धातूच्या मिश्रणात शिसं असतंच. म्हणजे पोरगं बॅटरी चाटत बसेल या हिशोबाने २००९ च्या फेब्रुवारीपासून दुकानदारांनी छोट्या गाड्या विकणं बंद केलं, काहींनी तर सुटे भाग पण कुलपात ठेवले. परिणाम काय, तर ज्यांना पोराला शिकवायचंच होतं त्यांच्यापुढे मोठी जड गाडी देणं हाच पर्याय उरला, जो शिशापेक्षा कितीतरी धोक्याचा. एएमएने हाच मुद्दा धरून मेंबरांकडून पत्रं पाठवायला लावली, आईबापांना आणि पोरांना वॉशिंग्टनला नेलं, आणि अडीच वर्षं पिच्छा पुरवल्यावर २०११ च्या ऑगस्टमध्ये दुरुस्ती झाली, या गाड्या त्या नियमातून सुटल्या. एकटा माणूस पत्र लिहितो तेव्हा ते कचऱ्यात जातं. दोन लाखांच्या आसपास मेंबर असलेली संघटना लिहिते तेव्हा निदान उघडून तरी बघतात.

बाकी ओढून न्यायची सोय त्यांच्याकडेही आहे, कुठल्या मेंबरशिपमध्ये बसते ते वाचून घ्या आणि मग सही करा.

प्रश्न : ही संघटना हेल्मेटसक्तीच्या विरोधात आहे असं ऐकलं. अखेर अमेरिकेलाही आमचं म्हणणं पटलं तर!
— एक सदाशिव पेठकर, पुणे

उत्तर : आलात का काका! तुमच्याच पत्राची वाट बघत होतो.

अर्धवट ऐकलंय तुम्ही. एएमए म्हणते की हेल्मेट घालाच, पण वयाने मोठ्या माणसावर कायद्याने सक्ती नको. पहिला अर्धा भाग पुण्यात पोचता पोचता गळून पडतो. तिकडचा इतिहास असा की १९६६ मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं, हेल्मेटचा कायदा करा नाहीतर रस्त्यांच्या निधीला कात्री, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी मुकाट्याने कायदे केले. १९७६ मध्ये काँग्रेसने (त्यांची संसद हो, आपली पार्टी नव्हे) तो दट्ट्या काढून घेतला आणि एकामागून एक राज्यांनी कायदे सैल केले. आज इलिनॉयमध्ये मोठ्यांना कायदाच नाही, ओहायोत अठरा वर्षांखालच्यांना आणि लायसन्सच्या पहिल्या वर्षात सक्ती, मिशिगनमध्ये २०१२ पासून एकवीस वर्षांवरच्यांना काही अटींवर सूट. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सगळीकडे एकच.

माझं मत विचाराल तर या एका बाबतीत मला एएमएचं पटत नाही. डोकं आपलं असलं तरी हॉस्पिटलच्या बाहेर रात्रभर बसणारे घरचे असतात.

प्रश्न : जानेवारी २०२४ ला बालेवाडीला सुपरक्रॉस पाहिलं, वेड लागलंय. मी एकोणीस वर्षांचा आहे. अमेरिकेत रेसर कसे तयार होतात? तिथली संघटना ट्रेनिंग देते का?
— धुळीत लोळलेला, चिंचवड

उत्तर : मित्रा, बालेवाडीच्या स्टेडियममध्ये जो खेळ पाहिलास त्याचं मूळ १९७२ च्या लॉस एंजेलिसमध्ये आहे. कोलिझियम स्टेडियममध्ये माती ओतून रात्री मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या चढउतारांवरून उड्या मारत जायची, रेस लावली आणि जिंकलं कोण, तर मार्टी ट्राईप्स नावाचा सोळा वर्षांचा पोरगा. एएमएची सुपरक्रॉस मालिका १९७४ पासूनची.

आता ट्रेनिंगचं. एएमए स्वतः सहसा रेस भरवत नाही, हे आधी समजून घे. ती नियमांचं पुस्तक काढते आणि परवानगी देते, त्यालाच ते सँक्शन म्हणतात. भरवणारे वेगळे, म्हणजे सुपरक्रॉस फेल्ड कंपनी करते, रस्त्यावरच्या गाड्यांची मोटोअमेरिका ही मालिका २०१५ पासून वेन रेनीच्या ग्रुपकडे आहे. हा रेनी म्हणजे ९० ते ९२ असा सलग तीनदा पाचशे सीसीचा जगज्जेता, १९९३ ला इटलीत पडला, तेव्हापासून व्हीलचेअरवर, आणि तिथून पूर्ण मालिका चालवतोय. खाली गावोगावच्या क्लबांच्या रेस असतात, जाताना मेंबरशिपचं कार्ड दाखवायचं, वय आणि सीसीप्रमाणे गट, सगळ्यात छोट्या गटात चार वर्षांची पोरं असतात, बाप मागून पळत असतो.

या सगळ्यांचं पंढरपूर म्हणजे टेनेसी राज्यातलं हरिकेन मिल्स. लोरेटा लिन ही तिकडची मोठी गायिका होती, तिच्या शेतावर १९८२ पासून हौशी रेसरांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. आधी एरिया, मग रीजनल, त्यातून निघाला तर शेतावर, आणि तिथेही प्रत्येक गटात आठवडाभरात तीन रेस, तिन्हींचा मिळून निकाल. एखादी रेस नशिबाने मारलीस म्हणून भागत नाही.

आणि मातीला कमी समजू नकोस. केनी रॉबर्ट्स १९७३ आणि ७४ चा एएमए ग्रँड नॅशनल चॅम्पियन, त्यातल्या बऱ्याच रेस मातीच्या ओव्हल ट्रॅकवरच्या, मागचं चाक घसरवतच वळायचं, आणि तीच सवय घेऊन युरोपात गेला तर १९७८ पासून सलग तीन वर्षं जगज्जेता. निकी हेडनही त्याच मातीतून आलेला, २००२ ला एएमए सुपरबाईक आणि २००६ ला मोटोजीपी ही जागतिक मालिका जिंकली. तुला मात्र आधी इथलंच लायसन्स लागेल, ते चेन्नईच्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाकडून. पैसे जमवायला घे, टायर महाग असतात.

प्रश्न : या संघटनेत पूर्वी काळ्या लोकांना घेत नव्हते हे खरं का?
— समाजशास्त्राची विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : खरं आहे. १९५० च्या दशकापर्यंत सदस्यत्व फक्त गोऱ्यांना होतं, आणि हे नियमातच लिहिलेलं होतं, म्हणजे नकळत वगैरे काही नाही. त्याच काळात बेसी स्ट्रिंगफील्ड नावाची काळी बाई एकटी बाईकवरून अख्खा देश पालथा घालत होती. हॉटेलात खोली द्यायचे नाहीत, मग पेट्रोल पंपावर गाडीवरच जॅकेटची उशी करून मी झोपायचे, असं ती सांगायची. ती १९९३ ला गेली. एएमएने २००० साली तिच्या नावाचा पुरस्कार काढला आणि २००२ ला तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. जिला उमेदीच्या वयात मेंबर होता आलं नसतं तिचं नाव आता तिथे आहे. ताई, यावर प्रोजेक्ट करणार असाल तर पुरस्कारापासून सुरुवात करू नका, त्या नियमापासून करा.

प्रश्न : आपल्याकडे बुलेटवाल्यांचे गल्लोगल्ली क्लब आहेत, टी-शर्ट आहेत, मग अशी संघटना का नाही?
— पनवेलहून लोणावळ्याला जुन्या हायवेने जाणारा

उत्तर : सहीतच उत्तर दिलंत की! एक्स्प्रेस वेवर टू-व्हीलरला बंदी, अटल सेतूवर बंदी, आणि आपण काय करतो तर ग्रुपवर रडतो आणि रविवारी वडापावला जातो. अमेरिकेत बाईक इंटरस्टेटवर, म्हणजे राज्याराज्यांतून जाणाऱ्या मोठ्या हायवेवर, बिनधास्त चालते, केंद्राचा पैसा लागलेल्या हायवेवरून फक्त मोटरसायकलींना हाकलणारा कायदा राज्यांना करताच येत नाही, आणि हे बाईकवाल्यांच्या संघटनांनी नेट लावून मिळवलेलं आहे. आता तिकडे शंभर सीसीवर तिघं बसून जात नाहीत हेही खरं, आपल्या बंदीमागे काहीच कारण नाही असं मी म्हणत नाही. पण बाजू मांडायला खुर्चीत कोणी बसलेलंच नसतं. आपलं फेडरेशन १९७१ पासून आहे, पण ते खेळापुरतं, गाड्या आणि बाईक दोन्हींचं, आणि नावातच क्लब्ज आहे, तुमच्या-माझ्यासारखा ऑफिसला बाईकवर जाणारा त्यात कुठे बसणार? एएमएत रेसर आणि रस्त्यावरचा माणूस एकाच छपराखाली आहेत, रेसच्या निमित्ताने कार्ड घेणारा पोरगा आपोआप दुसऱ्या लढाईतही मोजला जातो. आपल्याकडे ही मोट अजून कोणी बांधलेली नाही. टी-शर्ट मात्र छान असतात.

प्रश्न : बाबा जुलैत येतायत. आयुष्यभर जावा चालवली, सहा महिने इथे सोफ्यावर बसून कंटाळतील. कुठे नेऊ?
— लेक, कोलंबस

उत्तर : मिड-ओहायो ट्रॅकवर, लेक्सिंग्टन गावाजवळ, एएमएचे व्हिंटेज मोटरसायकल डेज असतात जुलैत. तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. जुन्या गाड्यांच्या रेस असतात पण बाबांना आधी स्वॅप मीटकडे न्या, म्हणजे आपला पुण्याचा जुना बाजारच, फक्त मैदानभर आणि सगळा मोटरसायकलींचा. साठच्या दशकात चेक बनावटीच्या सीझेड आणि जावा तिकडेही विकल्या जायच्या, त्यामुळे कुठल्यातरी ताडपत्रीवर ओळखीची टाकी दिसायची शक्यता आहे. टोपी, पाणी आणि रोख पैसे न्या. आणि परतीच्या बॅगेत कार्ब्युरेटर निघाला तर आईला आधीच फोन करून ठेवा.