प्रोन म्हणजे पालथं, सुपाइन म्हणजे उताणं

प्रश्न : कोविडमधे डॉक्टरांनी बाबांना ‘प्रोन’ झोपवा सांगितलेलं, आता फिजिओच्या कागदावर ‘सुपाइन’ लिहिलंय. दोन्ही आडवंच ना?

उत्तर : आडवं दोन्हीत, पण तोंड कुठे ते बघायचं. प्रोन म्हणजे पालथं, पोटावर, आणि सुपाइन म्हणजे उताणं, शवासनात झोपतो तसं. कोविडमधे पालथं झोपवायचे कारण त्याने फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागात हवा नीट पोचते आणि ऑक्सिजन वाढायला मदत होते. तान्ह्या बाळाला मात्र उताणंच झोपवा, हे कृपया विसरू नका. हाताचंही तसंच, तीर्थ घ्यायला तळहात वर केला की सुपाइन, पालथा केला की प्रोन. घाटातल्या पाटीवरच्या ‘ॲक्सिडेंट प्रोन’मधे मात्र झोपण्याचा संबंध नाही, तिथे अपघात वारंवार होतात एवढंच.