वाचक विचारतात : नमाजमध्ये मन लागत नाही, योगा-ध्यानाची मदत घेऊ का?

प्रश्न : अस्सलामु अलैकुम आपा. मी मिरजेची, वय ३६, दोन मुलं, नोकरी करते. कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं आणि मी योगाच्या क्लासला जायला लागले. तिथे शेवटी शवासनात बाई श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात तेव्हा मन इतकं शांत होतं की काय सांगू, पण तेच घरी येऊन मगरिबला (सूर्यास्तानंतरच्या नमाजला) उभी राहिले की डोक्यात कुकर, मुलाचं होमवर्क, उद्याचा डबा, आणि ही दुसरी रकात (नमाजचा एक फेरा) की तिसरी तेच कळत नाही. फार वाईट वाटतं, की क्लासमध्ये मन लागतं आणि अल्लाहसमोर लागत नाही. सासूबाई म्हणतात योगा हरामच आहे, तो सोड म्हणजे नमाजमध्ये मन लागेल. काय करू?

उत्तर : वालेकुम अस्सलाम. आधी ते वाईट वाटणं जरा बाजूला ठेव, कारण तू तुलना करतेयस ती बरोबरीची नाहीये. शवासनात तुला काही म्हणायचं नसतं, उठायचं-बसायचं नसतं, मोजायचं नसतं, डोळे मिटून पडून राहायचं असतं. नमाजमध्ये तू उभी आहेस, पाठ केलेलं अरबी तोंडाने म्हणतेयस, रुकू (कमरेत वाकणं), सजदा (कपाळ जमिनीला टेकणं), पुन्हा उठणं, रकात लक्षात ठेवणं, आणि हे सगळं करताना कोणासमोर उभी आहोत याची जाणीवही ठेवायचीय. हे काम शवासनापेक्षा कितीतरी अवघड आहे. आणि मन भटकण्याची तक्रार आजची नाही गं. उस्मान बिन अबिल आस नावाचे सहाबी, म्हणजे नबींचे साथीदार, खुद्द नबींकडे (स.) हेच गाऱ्हाणं घेऊन गेले होते, की सैतान माझ्या आणि माझ्या नमाजच्या मध्ये येतो, पठणात गोंधळ घालतो. दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) सांगायचे की मी नमाजमध्ये असताना लष्कराची तयारी करतो, म्हणजे डोक्यात मोहिमेचे विचार यायचे. नबींच्या (स.) अंगावर एकदा नक्षीची चादर होती, नमाजमध्ये नजर त्या नक्षीवर गेली, तर नमाज झाल्यावर त्यांनी ती अबू जह्म यांच्याकडे पाठवून दिली आणि साधी चादर मागवली. ही चादरीची गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात स्वतःला दोष देत बसणं नाही, लक्ष कशाने गेलं ते बघितलं आणि ती वस्तू बाजूला केली, बस.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही हेही सांगते. मलेशियाच्या फतवा कौन्सिलने २००८ साली मंत्र आणि पूजेचा भाग असलेल्या योगाला हराम म्हटलं होतं, तेव्हा तिथे खूप चर्चा झाली आणि मग पंतप्रधानांनी खुलासा केला की मंत्र न म्हणता नुसता व्यायाम करायला हरकत नाही. २०१७ मध्ये सौदी अरेबियाने योगाला खेळ म्हणून मान्यता दिली, आणि तिथे त्यासाठी झटणाऱ्या नौफ मरवाई यांना २०१८ मध्ये आपल्याकडे पद्मश्री मिळाली. आपल्याकडे २०१५ ला पहिल्या योग दिनाच्या वेळी सूर्यनमस्कारावरून वाद झाला आणि तो कार्यक्रमातून वगळला गेला, आठवत असेल. माझं मत स्पष्ट आहे, आसनं आणि श्वासाचे व्यायाम करावेत, सूर्याला नमस्कार आणि मंत्र आपण करू नयेत, आणि क्लासच्या बाईंना हे आधीच मोकळेपणाने सांगून टाकावं. तरी मनात शंका राहिली तर तुमच्या भागातल्या ज्या आलिमवर (धर्माच्या जाणकारावर) सासूबाईंचा विश्वास आहे त्यांनाच दोघींनी मिळून विचारा, घरातला वाद माझ्या उत्तराने मिटायचा नाही.

आणि मुसलमानांना योगाची ओळख काही काल-परवा झाली नाही. अकराव्या शतकात अल-बिरुनीने पतंजलीचा योग अरबीत नेला. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे शेख मुहम्मद गौस, सूफींच्या शत्तारी सिलसिल्याचे (परंपरेचे), त्यांनी अमृतकुंड नावाचा हठयोगाचा ग्रंथ फारसीत आणला, पुढे शहजादा सलीमसाठी त्याची आसनांच्या चित्रांसकट प्रत तयार झाली. आपल्या औरंगाबादेत निजामुद्दीन औरंगाबादी हे चिश्ती सूफी बुजुर्ग होऊन गेले, त्यांचा दर्गा आजही शहरात आहे, त्यांनी जिक्रच्या, म्हणजे अल्लाहच्या स्मरणाच्या, पद्धतींवर लिहिलं त्यात श्वास रोखून करायच्या जिक्रबद्दलही आहे. पण एक लक्षात घे, या लोकांनी श्वासाचा उपयोग जिक्रसाठी केला, नमाजच्या आत काही नवीन घुसवलं नाही. मलाही तेच म्हणायचंय. योगा आणि ध्यान नमाजच्या आधी. तकबीर, म्हणजे सुरुवातीचं अल्लाहु अकबर, म्हटली की ते संपलं, तिथून पुढे फक्त नमाज.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? इस्लामचे मोठे विद्वान इमाम गजालींनी यावर फार बारकाईने लिहिलंय, की मन कशामुळे पळतं ते कारणच आधी तोडा, बाहेरचं असेल तर डोळ्यांसमोरून काढा, आतलं असेल तर नमाजआधीच त्याचा निकाल लावा. तर आधी कुकर. तू कुकर गॅसवर ठेवून उभी राहतेस ना? मग कान शिट्ट्या मोजणारच. जेवण समोर असताना किंवा लघवी रोखून नमाज नको असं हदीसमध्ये, म्हणजे नबींच्या वचनांत, आलंय, म्हणजे शरीराची ओढ नमाजच्या आड येते हे आपल्या धर्मालाही मान्य आहे. मगरिबची वेळ लहान असते पण दहा मिनिटांत ती जात नाही, गॅस बंद कर, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, उद्याच्या डब्याला काय ते एका चिठ्ठीवर लिहून टाक, आणि मग वुजूला (नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला) जा. वुजू पण घाईत उरकू नकोस, कोपरापर्यंत पाणी जातंय ते बघ, गार लागतंय ते जाणव. क्लासमध्ये बाई तुला शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायला शिकवतात ना, ते कसब इथे वापर.

मग मुसल्ल्यावर (नमाजच्या चटईवर) उभी राहण्याआधी दोन-तीन मिनिटं नुसती बस. पाठ सरळ, हात मांडीवर, श्वास आपोआप येऊ दे आणि सोडताना थोडा लांब सोड, बाकी काही करायचं नाही, मोजायचंही नाही. दिवसभराची जी घाई अंगात भरलेली असते ती उतरायला तेवढा वेळ लागतोच, आपण तो देत नाही आणि थेट अल्लाहु अकबर म्हणून उभे राहतो, मग पहिल्या दोन रकाती मन खाली बसण्यातच जातात. ही एक गोष्ट केलीस तरी फरक पडेल असं मी खात्रीने सांगते, बाकीचं नाही जमलं तरी चालेल.

तकबीरनंतर मात्र श्वासाकडे बघायचं नाही. इथे बरेच जण गडबडतात, ध्यान शिकलेले लोक नमाजमध्येही श्वासच बघत बसतात किंवा मन रिकामं करायला जातात. नमाजमध्ये मन रिकामं नकोय, जीभ जे म्हणतेय त्याने ते भरलेलं हवंय. नबी (स.) एकेका आयतीवर थांबून पठण करायचे असं त्यांच्या पत्नी उम्मे सलमा (रजि.) सांगतात, तर तूही अल-हम्दची, म्हणजे कुराणाच्या पहिल्या सूरेची (अध्यायाची), एक आयत म्हण, थांब, श्वास घे, मग दुसरी. हदीसमध्ये आहे की बंदा अल-हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो माझ्या बंद्याने माझी स्तुती केली, आणि पुढच्या आयतींनाही असंच उत्तर येतं. मग एका श्वासात सातही आयती ओढून नेल्या तर ते उत्तर ऐकायला आपण थांबलो कुठे? सातही आयतींचा मराठी अर्थ आधी पक्का कर, एकदम सगळा नको, या आठवड्यात इय्याक नअबुदु म्हणजे आम्ही तुझीच इबादत (उपासना) करतो एवढंच धरून ठेव. आणि सूरा बदलत राहा, रोज तीच कुल हुवल्लाह म्हटली की जीभ एकटीच चालते आणि मन बाजारात जाऊन येतं.

नजरेचंही बघ. उभी असताना सजद्याच्या जागेवर, रुकूत पायांवर, बसल्यावर मांडीवर, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं पण त्याचा उपयोग आपण करत नाही. सजद्यात गेल्यावर लगेच तस्बीह सुरू करू नकोस. कपाळ-नाक, दोन तळहात, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं, ही सात ठिकाणं जमिनीला लागली का ते आधी जाणव. अंगठे बऱ्याचदा अधांतरी असतात, ते टेकवले की अंग आपोआप स्थिर होतं, खांदे सैल पडतात, मग सुब्हान रब्बियल आला म्हण, सावकाश, तीन वेळा. एकदा मशिदीत एकाने घाईघाईत नमाज पढली तर नबींनी (स.) त्याला परत पाठवलं, जा पुन्हा पढ, तू नमाज पढलाच नाहीस, असं तीनदा झालं, आणि मग त्याला प्रत्येक हालचालीत अंग स्थिर होईपर्यंत थांबायला शिकवलं. सजद्यात मला हा किस्सा नेहमी आठवतो.

मन तरीही जाईल. गेलं की त्याच्यावर चिडू नकोस, जी आयत चालू आहे तिच्यावर परत आण, शवासनात श्वासावर परत आणतेस तसंच. क्लासची खरी कमाई हीच आहे, हे परत आणणं तुझ्या सवयीचं झालंय. हदीसमध्ये आलंय की नमाज पढून उठणाऱ्या कोणाच्या वाट्याला तिचा दहावा भाग येतो, कोणाच्या पाचवा, कोणाच्या अर्धा. मग आज दहावा असेल तर नववा करायचा प्रयत्न कर. रकातीचा गोंधळ झाला तर ज्याची जास्त खात्री वाटते ते धर, कशाचीच वाटत नसेल तर कमी संख्या धरून नमाज पूर्ण कर आणि शेवटी सजद-ए-सहव (चुकीच्या भरपाईचे सजदे) कर, हनफी पंथाची पद्धत अशी आहे. त्यासाठी नमाज तोडून पुन्हा-पुन्हा सुरू करू नकोस, ती वसवशाची (सतत शंका घेण्याची) सवय एकदा लागली की फार छळते.

प्रश्न : आपा, मी दापोलीकडचा, पुण्यात आयटीत आहे. ऑफिसमधले दोघे इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले, फार बदललेत. मलाही जायचंय म्हणजे नमाजमध्ये एकाग्रता येईल. आणि डोळे मिटून नमाज पढली तर चालते का? माझं मन तसं जास्त लागतं.

उत्तर : भाई, जाण्याआधी शिबिराचे नियम नीट वाच. त्या दहा दिवसांत प्रार्थना, पूजा, माळ, उपवास असं सगळं थांबवायचं असतं हे ते स्वतःच आधी स्पष्ट लिहून देतात, त्यात लपवाछपवी काही नाही. त्यांच्या पद्धतीला ते धरूनही आहे. पण तुझ्यावर रोजच्या पाच नमाजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहेत, आणि नमाज चांगली व्हावी म्हणून दहा दिवस नमाजच सोडायची हे माझ्या मनाला पटत नाही. गुपचूप पढायचं म्हणशील तर तेही नको, तो त्यांचा शब्द मोडल्यासारखं होईल. श्वासाचं प्राथमिक ध्यान घरी रोज पंधरा मिनिटं कर, तेवढं पुरेसं आहे.

दहा दिवसच द्यायचे असतील तर रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांचा एतिकाफ कर की. मशिदीत राहायचं, बाहेर पडायचं नाही, गप्पा नाहीत, फोन घरी. हल्ली आपल्याकडे एतिकाफ म्हणजे म्हाताऱ्यांचं काम झालंय, तरुण मुलं बसतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुझ्या ऑफिसमधल्या मित्रांना जे मिळालं, ती शांतता, ते स्वतःसोबत राहणं, त्याची सोय आपल्याकडे आहे आणि आपण ती वापरत नाही. सूफींमध्ये तर मुराकबा (ध्यान) आहे, नक्शबंदी सूफींचं होश दर दम आहे, म्हणजे एकही श्वास गाफीलपणे जाऊ द्यायचा नाही. ते शिकायचं तर माहितगार माणसाकडून शीक, व्हिडिओ बघून नको.

डोळ्यांचं म्हणशील तर कोकणातले आपण बहुतेक शाफई पंथाचे, आपल्याकडे त्रास होणार नसेल तर डोळे मिटण्याला मकरूह (नापसंत) धरत नाहीत, हनफी धरतात. तरी माझा सल्ला उघडे ठेवायचा, नजर सजद्याच्या जागी, कारण डोळे मिटले की आत सिनेमा सुरू व्हायला वेळ लागत नाही. समोर लोकांची ये-जा असेल तर भिंतीजवळ जा, ते जास्त बरं.

प्रश्न : नमस्कार. मी ठाण्यात योग शिकवते. माझ्या सकाळच्या बॅचला तीन-चार मुस्लिम भगिनी येतात, एकीचं वय साठच्या पुढे. मी त्यांना म्हणते तुमची नमाज म्हणजे योगच, वज्रासन त्यातच आलं. हे बरोबर आहे ना? आणि त्यांच्यासाठी वेगळं काय करू?

उत्तर : नमस्कार ताई. तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण तसं म्हणू नका. बैठक वज्रासनासारखी दिसते हे खरं, सजदा शशांकासनासारखा वाटतो हेही खरं, पण नमाज नियतने, म्हणजे मनातल्या संकल्पाने, होते, ती अल्लाहची इबादत आहे. व्यायाम म्हणून केलेलं तेच उठणं-बसणं नमाज होत नाही. तुमच्या विद्यार्थिनी भिडेपोटी हो म्हणत असतील.

ओंकार सुरू असताना त्यांना शांत बसू द्या, सूर्यनमस्काराऐवजी मार्जरासन, पवनमुक्तासन वगैरे द्या, आणि रमजानमध्ये सकाळी त्या आल्याच तर जोर कमी ठेवा, सेहरीनंतर दिवसभर पाणी नसतं. नमाजला उपयोग व्हावा असं वाटत असेल तर मांडीच्या मागचे स्नायू आणि घोटे यांवर काम करा. रुकूत पाठ सपाट आणि डोकं पाठीच्या रेषेत असायला हवं, ते ताठ पायांना जमत नाही, मग बाई कशीबशी वाकते आणि घाईने सरळ होते. भिंतीला किंवा टेबलाला तळहात टेकून अर्ध्यातून वाकायचा सराव दिला तर हळूहळू जमतं.

साठीच्या आजींना गुडघ्याचा त्रास असेल तर वज्रासनात टाच आणि बैठक यांच्यामध्ये घडी केलेली चादर किंवा लोड द्या, घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या, आणि दुखलं तर लगेच उठवा. इम्रान बिन हुसैन नावाच्या सहाबींना मूळव्याध होती, त्यांना नबींनी (स.) सांगितलं होतं, उभं राहून पढ, नाही जमलं तर बसून, तेही नाही जमलं तर कुशीवर. त्यामुळे खुर्चीवर नमाज पढते म्हणून त्या संकोचत असतील तर हे त्यांना जरूर सांगा, माझं नाव सांगून सांगितलंत तरी चालेल. गुडघा बदलायचं ऑपरेशन झालेलं असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय वज्रासन देऊच नका, खुर्चीवर बसवून घोटे फिरवणं आणि श्वासाचा सराव तेवढा घ्या.