मुंबईजवळचे मनोरी गाव कायमच्या वास्तव्यासाठी कसे आहे?

शांतता हवी असेल आणि रोज दूरच्या कचेरीत जायचे नसेल, तर मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही खरोखर गावच राहिलेले मनोरी वास्तव्यासाठी फार चांगले आहे. हे गावपण टिकण्याचे मुख्य कारण मालाड आणि मनोरी यांच्या मधली खाडी होय. मालाडच्या मार्वे धक्क्यावरून फेरीबोटीने दुचाकीसह काही मिनिटांत पलीकडे जाता येते, मात्र मोटारीला भाईंदर-उत्तनमार्गे मोठा वळसा पडतो, आणि म्हणूनच येथे कौलारू घरे, ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातला मूळ ख्रिस्ती समाज) वस्तीतले क्रूस व पावसाळ्यानंतर बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील अजून पाहायला मिळतात. घरात वृद्ध किंवा आजारी माणसे असल्यास मात्र, रात्री फेरी बंद झाल्यावर रुग्णालय कसे गाठणार, याचा विचार आधी अवश्य करावा.