खिडक्या ४८ की ५१?

(वाचकांच्या शंका : ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड आणि मोजमापं)

प्रश्न : चार मजली इमारतीच्या ॲल्युमिनियम खिडक्यांचं कोटेशन द्यायचंय. आर्किटेक्टच्या फाइलमध्ये चारही मजले वेगवेगळे काढलेत. 'डब्ल्यू-१' प्रकारच्या खिडक्या मी प्रिंटवर पेन्सिलने टिकमार्क करत मोजल्या तर ४८ भरतात. मुलगा ऑटोकॅडच्या क्यूसिलेक्टने (एका प्रकारच्या वस्तू एकदम निवडणाऱ्या कमांडने) मोजतो तर ५१ येतात. कोणाचं धरू? – एक फॅब्रिकेटर, कराड

मजल्याला १२ प्रमाणे ४८ म्हणजे तुमचा हिशेब सरळ दिसतोय. पण म्हणून मुलाला रागवू नका, कॉम्प्युटरनेही खोटं सांगितलेलं नाही. फाइलमध्ये ५१ ब्लॉक (रेषा एकत्र बांधून नाव दिलेल्या वस्तू) आहेत, एवढंच त्याचं म्हणणं आहे. त्यातले किती भिंतीत बसलेत, हे त्याला कुठून कळणार?

पहिल्यांदा ड्रॉइंगच्या कडेचं खिडक्यांचं शेड्यूल (प्रकारांचा तक्ता) बघा. तिथे नमुन्याला एक डब्ल्यू-१ ठेवलेली असते, ती हमखास मोजली जाते. मग 'झूम एक्स्टेंट्स' करा, म्हणजे फाइलमधलं सगळं एकदम पडद्यावर येईल. कॉपी करताना लांब कुठेतरी पडून राहिलेली खिडकी ठिपक्यासारखी दिसेल. तरीही एखादी जास्त उरली, तर ती दुसरीच्या डोक्यावर बसलीय असं समजा. प्रिंटवर दोन्ही मिळून एकच दिसते, पेन्सिलला ती सापडणारच नाही. एकेका खिडकीभोवती सिलेक्शनची चौकट ओढा आणि कंट्रोल-१ दाबून प्रॉपर्टीज उघडा. वरच्या पट्टीत 'ब्लॉक रेफरन्स (२)' असं आलं की चोर सापडला. 'ओव्हरकिल' कमांड अशा जोड्या एका फटक्यात काढते, पण ती एकावर एक आलेल्या रेषाही जुळवून टाकते. तेव्हा फाइलची कॉपी करून तिच्यावरच चालवा. जोडीतल्या दोन खिडक्या वेगळ्या लेयरवर (ड्रॉइंगच्या थरावर) असतील तर ओव्हरकिल त्यांना हात लावत नाही, त्यासाठी सेटिंगमध्ये लेयरकडे दुर्लक्ष करण्याची खूण करावी लागते.

तुमच्याकडे २०२२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर क्यूसिलेक्ट सोडा आणि 'काउंट' वापरा. एकावर एक पडलेले ब्लॉक आणि एक्स्प्लोड झालेले (फुटून सुटे झालेले) ब्लॉक ते स्वतःहून दाखवतं. जुन्या आवृत्तीत एक्स्प्रेस टूल्समधलं 'बीकाउंट' आहे. ते नावानिशी यादी देतं, चुका दाखवत नाही.

उलटा प्रकार जास्त महागात पडतो, म्हणून तोही सांगून ठेवते. कुणी घाईत खिडकी एक्स्प्लोड केली की तिच्या सुट्या रेषा होतात. दिसते खिडकीच, मोजणीत मात्र येत नाही. आख्खा फ्लॅटच एक ब्लॉक केला असेल तर आतल्या खिडक्या क्यूसिलेक्टला दिसतच नाहीत. तिथे 'डेटाएक्स्ट्रॅक्शन' लावा. ब्लॉकच्या पोटातलं आणि एक्सरेफमधलं (जोडलेल्या दुसऱ्या फाइलमधलं) मोजायचं का, हे ते विचारतं, आणि यादी एक्सेलमध्ये देतं. आणि 'पहिला ते चौथा मजला टिपिकल' असं लिहून एकच प्लॅन काढलेला असेल, तर गुणाकार तुमचा तुम्हीच करायचा. कोटेशन तुमच्या सहीने जातं, तेव्हा पेन्सिलीची मोजणी बंद करू नका. दोन्ही आकडे जुळले की मगच पाठवा.

प्रश्न : सर्व्हेअरने दिलेली प्लॉटची फाइल माझ्या मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट केली तर प्लॉट मुंगीएवढा येतो. युनिट्समध्ये जाऊन मीटर केलं, काही फरक नाही. – बी.आर्क.ची विद्यार्थिनी, सांगली

फरक पडणारच नाही. ऑटोकॅडच्या पोटात मीटरही नाही आणि फूटही नाही, नुसते आकडे आहेत. युनिट्सच्या खिडकीत वरच्या भागात आकडा कसा लिहून दाखवायचा ते ठरतं. खालचं 'इन्सर्शन स्केल' बाहेरून येणाऱ्या वस्तूला किती पटीने मोठं-लहान करायचं ते ठरवतं. आधीच काढलेली रेष दोन्हींमुळे तसूभरही हलत नाही.

तेव्हा खालच्या चौकटीत काय लिहिलंय त्यावर विश्वास टाकू नका, भिंत मोजा. माझ्याकडे कुठलीही परकी फाइल आली की पहिली कमांड अंतर मोजणारी 'डिस्ट', तीही बाहेरच्या नऊ इंची भिंतीवर. उत्तर २३० आलं तर मिलिमीटर, ०.२३ आलं तर मीटर, ९ आलं तर इंच, ०.७५ आलं तर फूट. सर्व्हेच्या फाइलमध्ये भिंत नसेल तर कंपाउंडची एखादी बाजू घ्या, जिची लांबी मोजणी नकाशावर लिहिलेली असते.

मीटरचं मिलिमीटर करायला 'स्केल' कमांडने १००० पट. मात्र सर्व्हे यूटीएम कोऑर्डिनेट्सवर (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या आकड्यांवर) असेल तर थांबा. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) वीस लाख मीटरच्या आसपास असतं, पुण्याला तर सुमारे २० लाख ४७ हजार. त्याला १००० ने गुणलं की आकडा दोनशे कोटींच्या पुढे जातो, आणि इतक्या लांब गेल्यावर हॅच (आत भरलेल्या रेघा) फाटतात, ऑस्नॅप (नेमका बिंदू पकडणं) चुकतो, झूम करताना रेषा थरथरतात. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. कॉपीत प्लॉटचा एक कोपरा ०,० वर आणा, त्या कोपऱ्याचे मूळ कोऑर्डिनेट्स कडेला टेक्स्टमध्ये लिहून ठेवा, मग स्केल करा. ही टेक्स्टची ओळ आळसाने गाळू नका. सर्व्हेअरने सुधारित फाइल पाठवली की तिचीच गरज पडते.

प्रश्न : आर्किटेक्चरल युनिट्स लावून खोलीची लांबी १० टाकली, खोली दहा इंचांची झाली! – एक ठेकेदार, इस्लामपूर

आर्किटेक्चरलमध्ये एक युनिट म्हणजे एक इंच. फुटासाठी आकड्यापुढे एकेरी अवतरणाची खूण द्या : १०'. साडेदहा फूट असेल तर १०'६.

प्रश्न : कॅडमध्ये क्षेत्रफळ थेट गुंठ्यात येईल का? – एक शेतकरी वाचक, वाळवा

थेट येणार नाही. बंद पॉलिलाइन (सलग जोडलेली रेष) करून 'एरिया' घ्या आणि भागाकार करा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ड्रॉइंग मीटरमध्ये असेल तर १०१.१७ ने भागा. आर्किटेक्चरलमध्ये असेल तर कमांड आधी चौरस इंच सांगते आणि कंसात चौरस फूट. एका गुंठ्याला १,५६,८१६ चौरस इंच दिसले तर घाबरू नका, कंसातला १०८९ तुमचा. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतात आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे गुंठा आरापेक्षा एक टक्क्याहून थोडा मोठा. चाळीस गुंठ्यांचे ४० आर धरले तर जवळजवळ अर्धा गुंठा हातचा जातो, आणि बांधाच्या भांडणाला तेवढा पुरतो.