रंगकामाआधी वायरिंग बघा

जुना फ्लॅट घेतलाय ना, मग भिंतीच्या छटा नंतर निवडा. आधी मेन बोर्ड उघडून तपासून घ्या, तोही परवानाधारक वायरमनकडून. एमसीबी (जादा करंट ओढला गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच) आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा गैरसमज पहिला काढून टाका. एमसीबी वायर वाचवते, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच लागतो. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. ती पडली नाही, तर नुसती शोभेची समजा आणि बदला.

आता अर्थिंग, म्हणजे गळती झालेला करंट जमिनीत नेणारी वायर. तीन पिनचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग असेलच असं नाही. माझ्या जुन्या घरात अर्थिंगच्या, म्हणजे वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती. एका खोलीत तर कुणा महाभागाने ते न्यूट्रललाच (करंट परत नेणाऱ्या वायरला) जोडलेलं! अशा ठिकाणी सॉकेटच्या मागे कुठे न्यूट्रल तुटली, की गीझरच्या पत्र्यात थेट करंट उतरतो. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘ओल असेल’ म्हणून सोडून देऊ नका. मेन बंद करा.

२००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला साधारण ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्टर (मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारा जोड) लावून चालवू नका. प्लग तापणं, सॉकेट पिवळं पडणं, जळक्या प्लॅस्टिकचा वास, ही सैल जोडणीची किंवा जादा लोडची लक्षणं. आणि एमसीबी सारखी पडते म्हणून १६ ची काढून ३२ ची बसवणारा कुणी भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.